दोरावरची बोली

डिपोटीसाहेबांच्या घरी मी भाड्याची खोली बघायला गेलो त्या दिवशी त्यांनी माझी तोंडी परीक्षा घेतली आणि मी नापास झालो. प्रश्न सोपे होते. इंद्रायणी कुठे उगम पावते? वलवणच्या धरणात पाणी कुठून कुठून येते? माणसाने सकाळी उठल्यावर पहिल्यांदा काय करावे? पहिल्या दोन प्रश्नांना मी मान खाली घातली. तिसऱ्याला "चहा प्यावा" असे उत्तर दिले. साहेबांनी टेबलावरची लांबट वही ओढली, दौतीत टाक बुडवला, दोन ओळी लिहिल्या आणि खणखणीत आवाजात वाचून दाखवल्या. "उमेदवार प्रामाणिक. सामान्य ज्ञान बेताचे. खोली देण्यास हरकत नाही."

ही दुसऱ्या महायुद्धाच्या बरीच आधीची गोष्ट. मी लोणावळ्यातल्या एका शाळेत नुकताच मास्तर म्हणून चिकटलो होतो. डिपोटी म्हणजे गावोगावच्या शाळा तपासणारा अंमलदार. साहेब मावळातल्या शेतकरी घरातले, शिकून डिपोटी झालेले, आणि माझी गाठ पडली तेव्हा पेन्शनीत निघून चार वर्षे झालेली. पण सरकारने त्यांना नोकरीतून काढले, तपासणी त्यांच्यातून काढायची राहून गेली. शाळा उरल्या नाहीत म्हणून ते समोर येईल ते तपासत. दूधवाल्याचे माप, न्हाव्याचा वस्तरा, देवळातली आरती. प्रत्येकाला वहीत शेरा. "आरती: सूर बरा, टाळ उशिरा." दाढी अर्धी झालेली असताना खुर्चीतून उठून त्यांनी न्हाव्याला "धार असमाधानकारक" असा शेरा वाचून दाखवला होता, आणि उरलेली अर्धी दाढी घेऊन ते तसेच बाजारातून घरी आले होते.

घरातही कुणाची सुटका नव्हती. त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे मावशी म्हणायचो. मावशींनी ताटात भाकरी टाकली की साहेब ती उलटून बघत आणि म्हणत, "मागील तपासणीपेक्षा प्रगती."

"खावा गप," मावशी म्हणत. "न्हाई तर फुडली तपासनी उपाशीपोटी करावी लागंल."

शेरा एकदा लिहिला की खोडायचा नाही, हा साहेबांचा नियम. चूक झाली तरी नाही. "खोडाखोड केली की वहीवरचा विश्वास उडतो, मास्तर," असे ते मला बजावत. त्यांचे जे काय वाईट झाले ते या नियमाने झाले.

तर अशा या तपासनीस माणसाच्या आयुष्यात एक प्रेमप्रकरण होते, आणि ते एका बोलीशी होते.

नागफणीच्या सुळक्याच्या अलीकडे, डोंगराच्या माथ्यावर एक वाडी होती. दहा-बारा घरे. माणसे थोडे भात-नाचणी पिकवत, मजुरीला जात आणि चैत्र-वैशाखात कड्यावरची आग्या मोहोळे उतरवत. मध काढणाऱ्याला दोराला बांधून कड्यावरून खाली सोडत. त्या दोराचे कायदे कडक होते. दोराचे वरचे टोक धरायचे ते फक्त मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या भावाने. स्वतःच्या भावाचा भरवसा नाही, त्याला वाटणीचे शेत दिसते. मेहुण्याला बहिणीचे कपाळ दिसते, तो दोर सोडत नाही. दुसरा कायदा असा, की खाली लोंबणारा आणि वर धरणारा यांनी आपसात रोजचे बोलणे बोलायचे नाही, कारण ते माश्यांना कळते. त्यांनी दोरावरची बोली बोलायची. ती वेगळीच होती, तिचा एक शब्द तुम्हा-आम्हाला कळला नसता. आणि तिसरा कायदा असा, की वर दोर धरून उभा असलेला सोडला, तर पाय जमिनीला टेकलेले असताना कुणी त्या बोलीतला शब्दही काढायचा नाही. काढला तर दोर कुजतो.

साहेबांना ही बोली सापडली ती नोकरीत असताना. वाडीच्या शाळेत चार पोरे हजर होती, तपासणीला दहा मिनिटे पुरली. साहेब कड्यावर हवा खायला गेले, तर खालून कुणीतरी बोलत असल्याचे ऐकू आले. त्यांनी वाकून पाहिले. एक माणूस हवेत लोंबत होता आणि वरच्या माणसाशी त्याच्या गप्पा चालल्या होत्या. साहेबांना त्यातले अवाक्षर कळले नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एखाद्या गोष्टीवर शेरा लिहिता आला नाही, आणि त्याच क्षणी ते तिच्या नादी लागले.

पुढे अकरा वर्षे, मधाचा हंगाम आला की साहेब कड्यावर पालथे पडत. घरातल्या ग्रामोफोनचा कर्णा त्यांनी उचकटून नेला होता. तो कानाला लावायचा, तोंड कड्याबाहेर काढायचे आणि ऐकू येईल ते टिपायचे. तेव्हापासून घरात ग्रामोफोन होता आणि गाणे नव्हते. मावशींनी ही गोष्ट कधी माफ केली नाही.

शब्द कर्ण्यातून मिळत, अर्थ मात्र कुणी सांगेना. मध काढणाऱ्या म्हाताऱ्यांना सगळी वाडी आबा म्हणे. साहेब त्यांच्या अंगणात जाऊन बसत. "आबा, काल दोरावरून तुम्ही तीनदा ओरडलात, त्याचा अर्थ काय?"

"कोन वरडलं?"

"तुम्हीच. दोरावर."

"दोरावरला मी येगळा, सायेब. हितला मी येगळा. तितल्याला इचारा."

मग साहेब अंदाजाने अर्थ लिहीत. त्या वहीची स्वच्छ प्रत करायचे काम माझ्याकडे आले, म्हणून मला ती अजून डोळ्यांपुढे दिसते. एका शब्दापुढे लिहिले होते, "अर्थ: ओढ. किंवा ओढू नको. फरक महत्त्वाचा, पुन्हा पाहावे." अकरा वर्षांत ऐंशीएक शब्द जमले आणि बहुतेकांचे अर्थ पक्के झाले. सगळी बोलीच तेवढी. दोर, धूर, माशी, डंख, मध, सोड, थांब. आणि काही ठरलेली बोलणी. खालचा भलत्याच पोळ्याला धक्का लावून बसला की ओरडे, "माझा हात चुकला." वरचा नेहमी एकच उत्तर देई, "दोर माझ्या हातात आहे."

"ही वही छापली पाहिजे, मास्तर," साहेब म्हणत. "आबा गेले, त्यांचे मेहुणे गेले, की ही बोली कुणी कधी बोलत होते हे सांगायला ही वहीच राहील. नाही तर माझ्यामागे ही बाई वही बंबात घालेल."

"मागं कशाला?" मावशी आतून म्हणत. "उद्याच घालते. आदी माजा कर्ना आना."

आता साहेबांच्या स्वतःच्या मेहुण्याबद्दल सांगायला हवे. मावशींचा धाकटा भाऊ मळवलीला राही. भातशेती, चार बैल, आवाज असा की बांधावरून हाक मारली तर स्टेशनात थांबलेली गाडी निघावी. आम्ही त्यांना मळवलीचे मामा म्हणू. त्यांच्या थोरल्या मुलीचे लग्न होते, आणि पंगतीत साहेब पहिल्या पाटावर वही घेऊन बसले. वरबाप कौतुकाने म्हणाला, "काय लिवताय सायेब, आमाला बी आयकवा की!" साहेबांनी आयकवले. "मठ्ठा: उत्तम. बुंदी: पाक कच्चा. वरपक्ष: साधारण."

वरपक्ष पानावरून उठला. मामांनी कुणाकुणाच्या पाया पडून लग्न उरकले आणि मग साहेबांपुढे येऊन म्हणाले, "दाजी, त्यो शेरा खोडा." साहेब म्हणाले, "शेरा खोडता येत नाही." ते त्या दोघांचे शेवटचे बोलणे. त्याला नऊ वर्षे झाली होती. दर दिवाळीनंतर मळवलीहून आंबेमोहोराचे पोते मात्र न चुकता येई. "आक्काला" अशी चिठ्ठी लावून. साहेब तो भात जेवत आणि वहीत लिहीत, "तांदूळ: सर्वोत्कृष्ट." हा शेरा मामांना कळवायची त्यांची हिंमत नव्हती.

अशातच मुंबईच्या एका विद्वत्सभेने जाहीर केले, की मरू घातलेल्या बोलींच्या अभ्यासासाठी अनुदान द्यायचे आहे आणि त्याकरिता परिषद भरवायची आहे. अनुदान एकाच बोलीला मिळणार होते. परिषद मे महिन्यात होती. मुंबईच्या उकाड्यात बोलींच्या आधी विद्वानच गेले असते, म्हणून ती लोणावळ्यात एका शेठजींच्या बंगल्यात भरली. साहेबांना पंधरा मिनिटे मिळाली. नियम छापील होता: बोली मरू घातलेली असावी, पण मेलेली नसावी. बोलणारा इसम समक्ष हजर करावा.

परिषदेला पंचवीसेक विद्वान आले होते. पहिला दिवस अध्यक्षांच्या उजव्या हाताला कोणी बसायचे यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी "बोली मेली असे नेमके कधी म्हणावे" यावर निबंध झाला. एकाचे म्हणणे शेवटचा बोलणारा गेल्यावर, दुसऱ्याचे शेवटचा ऐकणारा गेल्यावर. दोघे इतके हातघाईवर आले, की तेच दोघे आधी जातात की काय असे वाटले. मधल्या सुट्टीत सगळे करवंदे खात होते, आणि पुढच्या वक्त्याचे शब्द जांभळ्या तोंडातून बाहेर पडत होते.

साहेबांनी वाडीवर निरोप धाडून आबांना बोलावून घेतले होते. आबा धुतलेले पागोटे घालून, काठी टेकून, शेठजींच्या हंड्या-झुंबरांखाली अगदी निवांत उभे होते. एक विद्वान फूटपट्टी घेऊन पुढे झाला. बोलणाऱ्याच्या जिभेच्या लांबीवर त्याचा काही सिद्धांत होता. आबांनी मुकाट्याने जीभ काढून दिली. माप घेऊन झाल्यावर आबांनी फूटपट्टी त्याच्या हातातून घेतली आणि म्हणाले, "आता तुमची दावा." सभेने टाळ्या वाजवल्या. विद्वानाची जीभ आखूड भरली.

मग अध्यक्ष म्हणाले, "चला, बोलून दाखवा."

"हितं न्हाई जमत," आबा म्हणाले. "पाय टेकल्यात."

साहेबांनी नियम समजावून सांगितला. सभेत खल झाला आणि शेवटी शेठजींच्या माडीच्या सज्जाला दोर बांधून आबांना लोंबकळवायचे ठरले. दोन माळी आणि एक प्राध्यापक दोर ओढत होते. आबा जमिनीपासून चार हात वर गेले आणि तिथे हळूहळू गोल फिरू लागले. पंचवीस विद्वान माना वर करून बघत राहिले.

"आता पाय टेकलेले नाहीत," अध्यक्ष म्हणाले. "बोला."

"कुनाशी?"

"माझ्याशी."

आबा फिरत फिरत अध्यक्षांसमोर आले तेव्हा म्हणाले, "तुमी माज्या बायकूचं भाऊ हाय का?"

सभेत हशा पिकला. साहेबही हसले आणि म्हणाले, "आबा, मेहुण्यांना सोबत आणायचे होते ना."

आबा तसेच फिरत पलीकडे गेले, परत समोर आले आणि म्हणाले, "मेवना गेला की, सायेब. माघात. ताप आल्ता."

साहेब मटकन पायरीवर बसले. हंगाम उशिरा सुरू व्हायचा होता म्हणून त्या वर्षी ते वाडीवर गेलेच नव्हते. मी त्यांना तसे बसलेले कधी पाहिले नव्हते, आणि मला फार वाईट वाटले. आबांना खाली उतरवले. जिभेची मापे घेणारा विद्वान उभा राहून म्हणाला, "म्हणजे ही बोली मेलीच. बोलायला दोघे लागतात आणि उरला एक. मेलेल्या बोलीला अनुदान नाही. पुढचा विषय घ्यावा."

"मेली नाही," साहेब पायरीवरूनच म्हणाले. "मला येते."

"तुम्हाला?"

"अकरा वर्षे ऐकतोय. माझी परीक्षा घ्या."

अध्यक्षांनी छापील नियम दोनदा वाचला. बोलणारा पेन्शनर नसावा असे त्यात कुठे लिहिलेले नव्हते. पण परीक्षा नैसर्गिक परिस्थितीत, म्हणजे कड्यावरच व्हायला हवी, असा ठराव झाला. एका किडकिडीत प्राध्यापकांना परीक्षक नेमले. दोर कोण धरणार असा प्रश्न आला तेव्हा आबांनी मेहुण्याचा कायदा पुन्हा सांगितला, आणि कुणीतरी सहज विचारले, की इथल्या कोणाकोणाला आपल्या मेहुण्याच्या हाती दोर देता येईल? पंचवीसही विद्वान एकदम कागद चाळू लागले.

"सायेब, तुमाला मेवना हाय का?" आबांनी विचारले.

"आहे," साहेब म्हणाले. मूळव्याध आहे असे सांगताना माणसाचा लागावा तसा त्यांचा आवाज लागला. "नऊ वर्षे बोलत नाही."

"बायकूचा भाऊ हाय न्हवं? मंग धरंल."

मावशींनी त्याच संध्याकाळी मळवलीला निरोप धाडला. "माझं कुंकू कड्याला टांगायचं ठरलंय. दोर धरायला ये." सकाळच्या गाडीने मामा हजर. ओसरीत येऊन ते खांबाला टेकून उभे राहिले. साहेब दोन हात अंतरावर खुर्चीत बसलेले. दोघांच्या मधे मावशी आणि चहा.

"आक्का, ह्यांना सांग," मामा म्हणाले, "दोर धरीन. पर बोलनार न्हाई."

"त्यांना सांग," साहेब म्हणाले, "न बोलता दोर धरता येत नाही. कायदा आहे."

"ह्यांना सांग, कायद्यापायी आमची लेक सासरी सा म्हैने टोमनं खात हुती."

मावशी दोघांकडे बघत म्हणाल्या, "मी काय तारघर हाय का? कुनी कड्यावरनं खाली पडायच्या आदी शिका काय ती बोली."

शिकायची म्हटली तरी पंचाईत होती. जमिनीवर शब्द काढायचा नाही, आणि परीक्षा दुसऱ्या दिवशी. आमच्याकडे मुक्कामाला राहिलेल्या आबांनी ओसरीवरचा झोपाळा पाहिला, कड्या हलवून बघितल्या आणि म्हणाले, "ह्यो चालंल. पर पाय टेकवायचा न्हाई." मग दिवसभर मळवलीचे मामा झोपाळ्यावर मांडी घालून बसले आणि शेजारी मीही पाय वर घेऊन, हातात वही. मी शब्द सांगायचा, मामांनी तो बांधावरच्या आवाजात म्हणायचा. झोका द्यायला मावशी. रस्त्याने जाणारे लोक फाटकाशी थांबून बघत होते. मधेच तंबाखू थुंकायला मामा उतरले आणि सवयीने शब्द म्हणत उतरले, तर आबांनी काठी आपटून सगळा धडा पहिल्यापासून घ्यायला लावला.

साहेब आतल्या खोलीत होते. दाराच्या फटीतून कर्ण्याचे तोंड बाहेर आलेले मला दिसत होते.

परीक्षेच्या दिवशी सकाळी परिषद कड्यावर गेली. माश्यांची भीती असल्याने विद्वानांनी शेठजींच्या बंगल्यातल्या मच्छरदाण्या अंगावर घेतल्या होत्या. करवंदीच्या जाळ्यांत त्या अडकत, आणि दर दहा पावलांवर एखादा विद्वान झुडपातून सोडवून घ्यावा लागे. कड्यावर गेल्यावर मी मागच्या जांभळीला मिठी मारली, कारण मला उंचीची भीती वाटते हे तेव्हा लक्षात आले. साहेबांनी कोट घातला होता, टोपी घातली होती, आणि खिशाला टाक लावला होता. आबांनी स्वतः दोर त्यांच्या कमरेला बांधला, दुसरे टोक मामांच्या हातात दिले, मागे एका खडकाला वेढा घेतला आणि बाजूला जाऊन डोळे मिटून बसले. मावशी आल्या नव्हत्या. त्या घरी देवापुढे बसल्या होत्या.

मामांनी दोर सोडायला सुरुवात केली. साहेबांचे टोपी घातलेले डोके कड्याखाली गेले आणि मला गलबलून आले. परीक्षक कर्णा कानाला लावून पालथे पडले होते, आणि दुसऱ्या एकाने त्यांचे बूट धरले होते.

खालून हाक आली. मामांनी उत्तर दिले. 'दोर' झाले, 'धूर' झाले, 'सोड' झाले, 'थांब' झाले. परीक्षक भराभर लिहीत होते. एकदा खालून नुसतेच "आयाईगं!" ऐकू आले. परीक्षकांनी तेही लिहून घेतले. पाठोपाठ 'डंख' आले, तेव्हा त्यांनी मागचे खोडले.

मामा दोर धरून उभे, हाताच्या शिरा टरटरून वर आलेल्या. बराच वेळ गेल्यावर खालून साहेबांचा आवाज आला, वेगळाच, शाळा तपासताना कधी नसेल असा.

ऐंशी शब्दांची ती बोली. तिच्यात लग्न नाही, पंगत नाही, बुंदीचा पाक नाही, लेक नाही, क्षमा नाही. मी वहीची प्रत केलेली, म्हणून मला कळले. साहेब म्हणाले, "मध पक्का होता." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "मध पक्का होता. माझा हात चुकला."

मामांनी दोराचा एक वेढा मनगटाला घेतला. साहेब खालून तेच पुन्हा म्हणाले, आणि या वेळी आवाज फाटला. शेरा खोडता येत नाही म्हणून नऊ वर्षे अडून बसलेला माणूस हवेत लोंबकळत, सुजलेल्या नाकाने, दोघांनाही धड न येणाऱ्या बोलीत तो शेरा खोडत होता. मग मामांनी एवढ्या मोठ्याने उत्तर दिले, की परीक्षकांनी कान झटकून कर्णा खाली ठेवला.

"दोर माझ्या हातात आहे!"

"काय म्हणाले ते? मघाशी खालून काय आले?" परीक्षक विचारू लागले. "अर्थ सांगा, अर्थ सांगा."

"आमच्या घरातलं हाय," मामा म्हणाले, आणि डोळे पुसायला हात मोकळे नव्हते म्हणून खांद्याला घासून पुसले.

साहेबांना वर ओढले. नाक वांग्याएवढे झालेले. मामांनी त्यांच्या कोटाची माती झटकली, टोपी सरळ केली. साहेबांनी मामांच्या सोललेल्या तळव्यांवर आपला रुमाल बांधला. दोघे एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. नऊ वर्षांची सवय, ती जमिनीवर एकदम कशी जाणार?

त्यावर तोड मामांनीच काढली. पुढच्या रविवारी ते मळवलीहून आले, ओसरीवरच्या झोपाळ्यावर पाय वर घेऊन बसले आणि शेजारची जागा हाताने थोपटली. साहेब जाऊन बसले. त्यांनीही पाय वर घेतले. तेव्हापासून दर रविवारी साठीचे साहेब आणि पन्नाशीचे मामा झोपाळ्यावर मांडी घालून त्या बोलीत बोलत बसत. एकदा परीक्षक खात्री करून घ्यायला अचानक घरी आले, तर साहेब-मामांचे कशावरून तरी कडाक्याचे भांडण चालले होते. चहात साखर कमी आहे हे त्यांनी 'मध', 'कच्चा' आणि 'डंख' एवढ्या तीन शब्दांत भागवले, आणि स्वयंपाकघरातून मावशींनी त्याच बोलीत उत्तर दिले. त्या पाटावर बसल्या होत्या, पण पाय वर होते. परीक्षकांनी सगळे टिपून घेतले आणि फार प्रसन्न चेहऱ्याने गेले.

आषाढात विद्वत्सभेचे पत्र आले. साहेबांनी ते उभ्याने वाचले आणि माझ्या हातात दिले. सभेचे म्हणणे असे, की सदर बोली सुशिक्षित कुटुंबात दैनंदिन वापरात असून तीत भांडण, समजूत व चहापान ही सर्व होते. स्त्रियाही ती बोलतात. बोलणाऱ्यांची संख्या दोन महिन्यांत एकावरून चौघांवर गेली आहे. अशा भरभराटीला आलेल्या बोलीस मरू घातलेली म्हणता येत नाही, सबब अनुदान नामंजूर.

अनुदान जिभेची मापे घेणाऱ्या विद्वानाला मिळाले. साहेब दोन दिवस कुणाचीच तपासणी न करता बसून होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी छत्री घेतली, पत्र मेणकापडात गुंडाळले आणि मला म्हणाले, "चला, मास्तर. हे आबांना सांगायला हवे. वही छापून आणतो म्हणून मी त्यांना शब्द दिला होता."

वाडीवर पोचेपर्यंत आम्ही चिंब झालो. आबा चुलीपुढे बसले होते. साहेबांनी खाली मान घालून पत्र वाचले, आणि कठीण शब्द आले तिथे सोपे करून सांगितले. वही छापता येणार नाही हेही सांगितले. आबांचे तिकडे लक्षच नव्हते.

"त्यो तुकडा परत वाचा."

"कुठला, आबा?"

"मरायला टेकली न्हाई, त्यो."

साहेबांनी परत वाचला.

"म्हंजी जित्ती हाय म्हन्त्यात?"

"व्हय, आबा. जिवंत आहे म्हणतात."

"सई-शिक्का हाय?"

साहेबांनी शिक्का दाखवला. आबांनी त्यावरून बोट फिरवले. "मेवना गेला तवा म्या दोर आड्याला टांगला," ते म्हणाले. "म्हनलं, मिटलं आता. म्या कुनाशी बोलू? जनावर बी बोलत्याती एकमेकांशी. म्या चार म्हैने निस्ता गप हुतो, सायेब."

आबा उठले, हात वर करून आढ्याचा दोर काढला, झटकला आणि साहेबांच्या मांडीवर ठेवला.

"त्या दिशी कड्यावर बसून समदं आयकलं म्या," ते म्हणाले. "तुमी लय वंगाळ बोलता. तुमचा मेवना तर तुमच्यापरीस वंगाळ. पाऊस उघडला की आंब्याला दोर टाकतो. दोगं या. तुमी बोला, म्या निस्त्या चुका काडीन."

अर्ध्या मावळाच्या चुका काढलेले डिपोटीसाहेब ताठ उभे राहिले. दोर त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

"किती वाजता येऊ, आबा?" त्यांनी विचारले.